नांदता वॉर्ड

बाई, तुमचा मुलगा निवडून आला. दुपारपासून गल्लीत ढोल वाजतो आहे, माझ्या ओट्यावर गुलाल येऊन पडला आहे आणि मी दार लावून स्वयंपाकघरात बसले आहे. मला भीती वाटते आहे. या वयात असं म्हणायची लाज वाटते, पण खरं तेच आहे. फाटकाची कडी वाजली की हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं. लेक आतल्या खोलीत आहे. ढोल संपेपर्यंत बाहेर येऊ नकोस असं तिला सांगितलंय आणि तिनं का म्हणून विचारलेलं नाही. हल्ली ती कशाचंच कारण विचारत नाही.

तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत त्यानंतर तो बराच बदललाय. पोट सुटलंय, केस काळे करतो. बोलण्यातली गोडी मात्र तुमचीच. अजून भेटला की वाकून नमस्कार करतो, मला ताई म्हणतो. पीत नाही, बायकोला बोल लावत नाही, आणि हा उन्हाळा आमच्या गल्लीनं काढला तो त्याच्या टँकरवर. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. शहर फुलंब्रीच्या रस्त्यानं सावंगीपर्यंत गेलंय. तुम्ही शाळेला जाताना एसटीच्या खिडकीतून ज्वारी बघायच्या ना, तिथं आता फ्लॅट आहेत. फ्लॅटला बोअर आहेत आणि बोअरला पाणी नाही. अशा दिवसांत जो पाणी आणतो त्याचं ऐकावंच लागतं, आणि तो तर ऐकण्यासारखं बोलतो. महिनाभर भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती: 'नांदतं घर, नांदता वॉर्ड'.

देवळासमोर त्याची कोपरा सभा झाली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते. रस्ते, गटारं कोणीही करेल, मी घरं सांभाळणार, असं तो म्हणाला. मुलं म्हाताऱ्यांना मागं टाकून पुण्याला जातात, हे म्हणाला तेव्हा मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, ते मला पटलं. मग पोरींवर आला. लग्नाला वर्ष होत नाही तर माहेरी येऊन बसतात, आया त्यांना पाठीशी घालतात, भाजीत मीठ किती पडलं इथपासून फोनवर चौकशा करतात आणि शेवटी वकील गाठतात. एकट्या पोरी खोल्या घेऊन राहतात, घरमालक भाड्यावर नजर ठेवून डोळेझाक करतो. तो वॉर्डात वडीलधाऱ्यांची समिती नेमणार. जिथं कुरबूर तिथं समिती जाणार. कोर्टाची पायरी कुणाला चढू द्यायची नाही. माझ्या वॉर्डातली प्रत्येक लेक नांदली पाहिजे, असं तो म्हणाला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारणी वाजवत होत्या. आणि मग त्यानं तुमची गोष्ट सांगितली.

माझी आई शिक्षिका होती, तो म्हणाला. दुष्काळाच्या साली तिची एक विद्यार्थिनी सासर सोडून रडत आमच्या दारात आली. आईनं तिला जेवू घातलं, चार शब्द समजावले, तिची ओटी भरली आणि स्वतः एसटीत बसवून दिलं. असे संस्कार होते. लोक भारावून गेले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. ती विद्यार्थिनी तिच्याच शेजारी बसली आहे, हे तिला कसं कळावं? मी पदर तोंडावर धरला आणि खाली बघत राहिले.

गोष्ट त्यानं एका शब्दानंही खोटी सांगितली नाही, बाई. तो दिवस मला असा आठवतो की अजून त्या पिठल्याची वाफ तोंडावर येते. सिडकोतलं तुमचं नवं घर, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. मी हर्सूलला उतरून उन्हात चालत आलेली. तुम्ही मला पाटावर बसवता, ताट पुढं करता, मी सांगत जाते. टँकरवर गर्दी असायची, घागर घेऊन परतायला उशीर व्हायचा, आणि नवरा दारात उभा राहून विचारायचा, कोणाशी बोलत होतीस? मग मारायचा. तुम्ही ऐकता, तुमचे डोळे भरतात. बाहेरच्या खोलीत तुमचे यजमान, आमचे सर, पेपर वाचत बसलेले असतात, आणि मी रडायला लागले की ते घसा खाकरतात. तुम्ही दाराकडे बघता. परत माझ्याकडे वळता तेव्हा तुमचा आवाज वर्गातला झालेला असतो. "पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं, पोरी. नांदायचं असतं." माझ्या ओटीत नारळ, तांदूळ आणि मोरपंखी ब्लाउजपीस घातलंत. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या होतात. मला तेव्हा तुमचा राग आला नाही. बाई म्हणतात म्हणजे नांदायचंच असणार, एवढंच वाटलं.

त्याची गोष्ट इथं संपते. पुढचं त्याला माहीत नसेल, लहान होता, असं मी स्वतःला समजावत घरी आले. तसा तो काही लहान नव्हता, अकरावीला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीच्या आत मी परत आले ती पोटुशी, आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. ते अजूनही येत नाही. तुम्ही मला बघितलंत. मोरीत नेलंत. पाणी तांब्यानं जपून वापरायचे दिवस होते, आणि तुम्ही अख्खी बादली तापवून माझ्या पुढ्यात ठेवलीत. सर खाकरले. तुम्ही आतूनच म्हणालात, "खोकला असेल तर काढा करते." एवढं बोलून तुम्ही मोरीचं दार लावून घेतलंत. सासरचे न्यायला आले की तुम्ही दारातच सांगायच्या, ती झोपलीय, मग या. भर दुपारी, संध्याकाळी, केव्हाही आले तरी मी झोपलेलीच. त्यांच्याबरोबर आलेल्या माझ्या मामांनी शेवटी चिडून विचारलं, "पोरगी हाय का कुंभकर्ण?" आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो होतो. माझी लेक तुमच्याच घरात जन्मली. नांदणं हा शब्द त्यानंतर मी तुमच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

तीच लेक आता माघारी आलीय. नवरा वाळूजला कंपनीत आहे, चांगला शिकलेला. तो मारत नाही. हे आधी सांगते, कारण समितीपासून शेजारणीपर्यंत सगळे पहिलं तेच विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा मोकळा होतो. पण माझ्या घरात, जिथं ती रांगायला शिकली तिथं, ती फ्रिजपाशी उभी राहून विचारते, "उघडू का?" आंघोळीला जाऊ का विचारते. दिवा लावू का विचारते. एकदा तिकडे न विचारता आंघोळीला गेली म्हणून संध्याकाळभर ओल्या केसांनी गॅलरीत उभी होती, दार आतून लावलेलं. हे तिनं भाजी निवडताना सांगितलं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. माझा कान फुटला तेव्हा मी निदान ओरडले होते. ही ओरडत नाही. मला त्याचीच फार भीती वाटते.

मतदानाच्या आधीच्या रविवारी तो आधीच नेमलेली समिती घेऊन आमच्याकडे आला. बरोबर जावई, जावयाची आई, हातात साडी आणि नारळ. मी मुकाट्यानं चहा टाकला. पाहुणा दारात आला की हात आपोआप पातेल्याकडे जातात. तुमचा मुलगा छान बोलला. जावई माझ्यासमोर शब्द देतोय, मी मध्ये आहे, काळजी सोडा, असं म्हणाला. लेक कोपऱ्यात बसली होती. जावई सगळा वेळ पंख्याकडे बघत होता. मग त्यानं मान खाली केली आणि साध्या आवाजात म्हणाला, "चल, आवर." आणि माझी लेक उठली. कुणाकडे न बघता आत गेली, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागली. समितीतले लोक खूश होऊन एकमेकांकडे बघत होते. बघा, काही नव्हतंच, असं एक आजोबा म्हणालेसुद्धा.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. वाटलं, जाऊ दे तिला. सगळ्यांसमोर शब्द दिलाय, आता नीट वागवेल, माझी गल्लीत शोभा होणार नाही. अगदी असंच वाटलं, बाई, आणि वाटल्याबरोबर तुमची आठवण झाली. त्या पहिल्या दिवशी तुम्ही घाबरला होतात. इतकी वर्षं मला वाटत होतं की तेव्हा तुम्हाला तेच बरोबर वाटत होतं.

मी आत जाऊन तिच्या हातातला ड्रेस काढून घेतला. बाहेर येऊन म्हणाले, ती येणार नाही. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. जावयाची आई तावातावानं उठली. तुमच्या मुलानं हातानंच तिला बसवलं, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मागं थांबला. मी म्हटलं, "सभेत आईंची गोष्ट सांगितलीत. मी दुसऱ्यांदा आले ते नाही सांगितलं."

तो हसला. वाईट हसला नाही, आपुलकीनंच हसला.

"ताई, तेव्हा दार मीच उघडलं होतं. मला सगळं आठवतं."

"मग?"

"मग काय? ते सांगून लोकांचं काय भलं होणार? निवडणूक होऊ द्या. मग निवांत बसू, मिटवून टाकू."

माझ्या उजव्या कानाच्या बाजूला सरकून बोलला, बाई. कोणत्या कानानं ऐकू येतं तेही त्याच्या लक्षात आहे.

त्यानंतर मी टँकरची धास्ती घेऊन बसले. आता आपल्या दारात थांबणार नाही, शेजारणी कारण विचारतील. तर टँकर आला आणि पोऱ्यानं सगळ्यात आधी आमचंच पिंप भरलं, काठोकाठ. "भाऊंनी सांगितलंय," म्हणाला. लेक घागर घेऊन उभी होती, तिनं मला विचारलं, घेऊ का हे पाणी? पाणी घेतलं आणि त्यावरच स्वयंपाक केला.

ढोल आता आमच्या फाटकाशी आलाय. थोड्या वेळानं तो आत येईल, वाकून नमस्कार करेल, पेढा देईल आणि रविवारी येतो म्हणेल. मी पुन्हा नाही म्हणेन. म्हणेन असं वाटतं तरी. तुम्ही आज असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. शेवटी तुम्ही त्याची आई. पण एक सांगायचं राहतंय, आणि ते लेकीला सांगण्यासारखं नाही. शाळेत मतदानाला गेले, पुठ्ठ्याच्या आडोशाला एकटी उभी राहिले. घरून ठरवून गेले होते की त्याला द्यायचं नाही. तिथं बघायला कुणी नव्हतं, विचारायला कुणी येणार नव्हतं. तरी बटण मी त्याचंच दाबलं.