बेटावरची कवडीफुलं

धोंडेवाडी, ईटपासून तीन कोस
कार्तिक शुद्ध दशमी, शके १८७०

अण्णा,

इरम्माचे तुम्हाला शरणार्थ. पत्राच्या पहिल्या ओळीत घरची खुशाली लिहावी, असं तुम्हीच मला शिकवलंत. आज ती ओळ सोडून लिहिते आहे.

तुमचं बार्शीच्या दवाखान्यातलं पत्र महारुद्रनं वाशीच्या बाजारातून आणून दिलं. सरहद्दीवरच्या लढ्याच्या छावणीत गेल्यापासून, आठ महिन्यांत, हे तुमचं पहिलंच पत्र. मोडलेला पाय सांधला, अमावास्येनंतर घरी येणार, हे वाचून मी कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होते. तुम्ही आधी बेटावरच्या फुलांचं विचारलंत आणि मग लेकीच्या, चन्नीच्या परकराचं माप मागितलंत. मी त्याच क्रमानं लिहिते.

त्याआधी एवढंच: शाळू पेरून झाला. भुरी गाय व्याली, कालवड झाली. तुमच्या शाळेचं छप्पर जळालं, भिंती उभ्या आहेत. पुस्तकांची पेटी मी आधीच कणगीत लपवली होती, ती धड आहे.

यंदा कवडीफुलं कधी नव्हती एवढी आली. श्रावणात मी आणि चन्नी महारुद्रच्या काहिलीत बसून मांजरेच्या बेटावर गेलो. गुळाची ती काहील, पाण्यावर नुसती गरगरते, पण पोर भ्यायली नाही. उतरल्या उतरल्या रोपं मोजायला लागली. दोनशे सोळा भरली. वाटेनं तिला दर वेळी तीच गोष्ट लागायची. हैदराबादहून कॉलेजातले एक साहेब आले, फुलापाशी गुडघे टेकून बसले, आणि हे या बेटाशिवाय दुसरीकडं कुठंच पाहिलं नाही म्हणाले. वीस कंद त्यांनी आपल्या बागेत नेऊन लावले, ते सगळे कुजले. मग त्यांनी अप्पांना, म्हणजे तुम्हाला लिहिलं, याला याच्या जागीच राहू द्या. "मग अप्पांनी काय केलं?" असं तीच विचारायची आणि तीच सांगायची, "बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. लोक हसले तरी घातलं."

यंदाच्या पहिल्या पुरात ते कुंपण वाहून गेलं. पाणी उतरलं की अलीकडून शेळ्या चालत बेटावर चढायच्या. फुलं बियांवर आलेली. मी रोज भाकरी बांधून घ्यायची आणि दिवसभर तिथं राखणीला बसायची. चन्नी सोबत असायचीच.

गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रझाकारांची हत्यारबंद टोळी येतेय म्हणून ओरड झाली. वर कुठंतरी पाऊस झाला होता, नदी पुन्हा भरून चाललेली. महारुद्रनं चाळीस माणसं काहिलीतनं बेटावर नेली. आम्ही शेवटच्या खेपेला गेलो. पाण्यापलीकडून आम्ही गावातला धूर बघत होतो.

चार दिवस तिथं काढले. वरून पाऊस, खाली खडक, आडोसा कसला नाही. पहिल्याच दिवशी भाकरी संपल्या. तिसऱ्या दिवशी कमलबाई माझ्याजवळ आली. तिची दोन्ही लेकरं रडायचीसुद्धा थांबली होती.

ती म्हणाली, "इरम्मा, या कंदानं बाधतं का गं?"

मी म्हणाले, "न्हाय."

एवढा एकच शब्द, अण्णा. मग कुणी काठीनं, कुणी हातांनी उकरायला लागलं. मी कुणाला अडवलं नाही. उलट कुठला कंद भरलेला असतो ते मीच दाखवत फिरले. चन्नीला सोलून दिला तर म्हणाली, "आत्या, अप्पा आल्यावर मोजतील की." मी म्हणाले, "मी सांगीन त्यांना." तेव्हा तिनं दोन घास खाल्ले.

ते सांगायचं आज सांगितलं.

तुम्ही माप विचारलंत. अण्णा, माप नाही. खण घेऊ नका.

तिला ताप गावातून निघतानाच होता. तापावरची कोयनेलची पुडी घरात फळीवर राहिली, घाईत मला आठवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कुणाला ओळखेना झाली. पहाटे माझ्या मांडीवर गेली. तुमचं नाव घेतलं असं मी लिहिलं असतं, पण ते खरं नाही. तिनं फक्त पाणी मागितलं आणि ते मी दिलं.

नदी उतरत नव्हती आणि गावात टोळी होती. बेटावर कमरेएवढी खोल माती एकाच जागी आहे, तुम्हाला ठाऊक आहे कुठं. महारुद्रनं आणि मी खणलं. बेल नव्हता, जंगम नव्हता. तिचं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं, माझ्याजवळची विभूती लावली आणि तिला मांडी घालून बसवलं. माती लोटताना राहिलेले कंद वर येत होते, ते मी परत आत दाबत होते. हात आपोआप ते करत होते. त्याच दिवशी दुपारी सोलापूरकडून फौज आल्याची, टोळी पळाल्याची खबर आली आणि लोक काहिलीतनं गावात परतले.

अजून एक आहे. ते दुसऱ्या कुणी तुम्हाला सांगायच्या आधी मीच सांगते. टोळी यायच्या दोन दिवस आधी गावातला गोरोबा टोळीच्या भयानं गाडी जुंपून येरमाळ्याला निघाला होता. दारात गाडी उभी करून म्हणाला, "मास्तरांच्या पोरीला घेऊन चल. जागा हाय." मी म्हणाले, आठ दिवसांनी येते. बिया पडायच्या होत्या, शेळ्या सुटलेल्या होत्या, आणि तुम्ही जाताना बेटाकडं लक्ष ठेव म्हणाला होतात. पोरीकडं लक्ष ठेव असं तुम्ही म्हणाला नाहीत, कारण ते मला सांगायची गरज नव्हती.

आता गावानं ठरवलंय की तिच्या जागेवर दगडी कट्टा बांधायचा. सगळ्यांना तिचं वाईट वाटतं. गुंडाप्पांनी दगड घडवूनही ठेवलेत. पण तिच्या भोवतीच अकरा रोपं उरली आहेत, आणि सबंध बेटावर तेवढीच आहेत. कट्टा झाला तर ती जातील. मी काम थांबवलं. बायका माझ्यामागं म्हणतात, हिला अजून फुलंच प्यारी. मी कशासाठी थांबवलं ते मलाही नीट सांगता येत नाही. बाप तुम्ही आहात. तुम्ही बांधा म्हणालात तर दगड मी स्वतः डोक्यावरून वाहीन. नको म्हणालात तर जगेन तोवर तिथं शेळी चढू देणार नाही.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी महारुद्र गाडी घेऊन येरमाळ्याला येईल. त्याला वाटेत काही विचारू नका, त्याला ते बोलवत नाही. मी घरीच असेन. तुम्ही दारात आल्यावर माझ्याशी बोलाल की नाही ते माहीत नाही. म्हणून इथं तुमची बहीण असं लिहीत नाही, नुसतं नाव लिहिते.

इरम्मा