वारा खांदायचे सोळाशे रुपये

नांदूरघाट
९ नोव्हेंबर १९८६

चि. बद्रीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद. छबूलाही आशीर्वाद, पोरींना पापा.

तुझं पत्र येऊन महिना झाला. जवाब द्यायला उशीर झाला, कावून की हात रिकामा न्हाई. एका हातात हंडा, दुसऱ्यात कळशी. हे गेल्यावर मी लावलेली मोसंबीची साठ झाडं एकेक करून पाजायलेय. या वयात साठ लेकरांची आई झाले बघ, अन् तू मला पत्रात 'एकटी' लिहितोस! यंदा हंड्यानं जगवीन. पुढच्या साली माझी मान ऱ्हायची न्हाई.

म्हणून इचार केला, तळं खांदायचं. दुष्काळ हाय म्हणून आमची सोसायटी शेततळ्याला कर्ज द्यायलीय. ओढ्याच्या अंगाला आपला मुरमाड तुकडा हाय ना, तिथं. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वळवून घ्यायचं. मी अर्ज ठोकला. सोसायटीचा सेक्रेटरी बंकट टेप घेऊन आला. तोंड शंभर फूट लांब, ऐंशी फूट रुंद, खोली दहा फूट. बांधावर बसून गुणाकार केला अन् म्हणाला, आठशे ब्रास माती निघंल. शंभर घनफुटाचा एक ब्रास, हे मला त्यानं सांगायची गरज न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर मी ते डोक्यानं शिकलेय, डोक्यावर पाटी घेऊन. ब्रासला दहा रुपये खांदाई, झाले आठ हजार. सोसायटीची हद्द साडेसहा हजार. त्याच्या वर गेलं की अर्ज बाद.

दुसऱ्याच दिशी चेअरमन दारात. सुंदरराव, माझे चुलत दीर. मिशीला तेल अन् जिभेला गूळ. म्हणाले, वहिनी, एवढं काम बाईमाणसाला झेपायचं न्हाई, तो तुकडा माझ्या नावावर करा, मी तळं खांदतो अन् तुमच्या झाडांनाबी पाणी देतो. मी म्हणलं, भावजी, लई उपकार, आधी चहा प्या. चहात साखर घातली न्हाई.

आता तू सांग. तळ्याच्या कडा काय विहिरीवानी सरळ असतेत व्हय? उतार ठेवला न्हाई तर ढासळतील. उतार ठेवला की तळ बारका, अन् तळ बारका की माती कमी. हे चौथी पास बाईला दिसतं, मग बंकटला कावून दिसत न्हाई? तुमच्या धरणावर कसं मोजतेत ते लिही. नुसतं लिहू नको, साध्या कागदावर हिशेब मांडून खाली सही कर. माझ्या आकड्याला सोसायटीत कुत्रं इचारायचं न्हाई, तुझ्या सहीला इचारतील.

माया पातळ होऊ देऊ नको. ताक आमच्याकडं तसंबी पातळच हाय.

तुझी आक्का,
मनकर्णा


माजलगाव
१८ नोव्हेंबर १९८६

ती. आक्कास, बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. छबू वाचून हसली, मला मात्र रात्रभर घोर लागला.

तुझं म्हणणं बरोबर आहे. मुरमात खोलीएवढा उतार धरतात. दहा फूट खोल गेलं की चारी बाजूंनी दहा-दहा फूट आत यायचं. म्हणजे तळाला ऐंशी बाय साठ. वरचं क्षेत्र आठ हजार चौरस फूट, तळाचं चार हजार आठशे. दोन्हींची सरासरी सहा हजार चारशे, गुणिले दहा फूट. सहाशे चाळीस ब्रास. खर्च सहा हजार चारशे रुपये. हद्दीच्या आत बसतं.

पण सहीचं मला सांगू नको. मी धरणावर मोजणीचा कारकून. खाजगी कामावर माझी सही दिसली तर लोक बोट दाखवतील. सुंदररावांचे साडू आमच्याच कचेरीत वर बसतात. माझी बदली कुठंही होईल, अन् पोरींच्या शाळेचं अर्धं वर्ष गेलं आहे.

खरं सांगू का, आक्का? तुकडा देऊन टाक. मुरुमच तर आहे. अन् तू इकडं ये. इथं धरणाचं पाणी दिसतं, तुझ्या जिवाला गार वाटेल. भावाच्या घरी राहण्यात कमीपणा नाही.

राग मानू नको. तुझ्या शिव्या गोड लागतात, पण पोस्टकार्डावर लिहू नको, पोस्टमन वाचतो.

तुझा,
बद्रीनाथ


नांदूरघाट
२५ नोव्हेंबर १९८६

चि. बद्रीस आशीर्वाद. ह्या खेपेला लिफाफा आणलाय, पोस्टमनची सोय केली.

दुसऱ्याच्या धरणाचं पाणी बघून माझ्या जिवाला कशाला गार वाटंल? बघून झाडं भिजतेत व्हय? मुरुमच तर आहे म्हणतोस. मुरुमच असता तर सुंदररावानं बिनसाखरेचा चहा पिला नसता, वर बशी चाटली नसती.

मी चौदा वर्षं एक गोष्ट बोलले न्हाई. आज बोलते, एकदाच.

बहात्तरला तलावाच्या कामावर आमची बारा बायांची टोळी होती. तू नवा नवा मोजणीला आलतास, पांढरी पँट घालून. मी बायांना सांगत फिरले होते, त्यो बघा माझा भाऊ. खड्ड्याच्या मधी मातीचा खुंट सोडायचा असतो, जमीन आधी कुठवर होती ते कळावं म्हणून. खुंटाची उंची तीच खड्ड्याची खोली. आमचा खुंट सोडला तवा माथ्यावर गवत होतं. तू मापायला आलास त्या दिशी गवत न्हवतं, वर ताजी माती दिसायली होती. रातीतून मुकादमानं फूटभर छाटलं होतं. तू बघितलंस. माझ्याकडं बघितलंस. मान खाली घातलीस अन् फूटभर कमी लिहिलंस. बारा बायांची चार दिसाची मजुरी गेली. साखराबाई माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, मनकर्णे, तुझा भाऊ हाय ना त्यो?

तवा तू बावीस वर्षांचा होतास, नोकरी कच्ची होती. म्हणून मी गप ऱ्हायले. आता नोकरी पक्की हाय, केस पिकायलेत, तरी मान तिथंच हाय.

मला पैसे नको. मला तुझ्या घरातली खोली नको. एक सही पायजे. ती न्हाई आली तरी मी तळं खांदणार हाय, एकटी, टोपल्यानं, मरंपर्यंत. मग तू माझ्या तेराव्याला ये अन् खड्डा मापून जा.

छबूला सांग, तिच्यावर राग न्हाई. तुझ्यावर जेवढा हाय तेवढा ह्या लिफाफ्यात मावंना.

तुझीच,
मनकर्णा


माजलगाव
३ डिसेंबर १९८६

ती. आक्कास शि. सा. न.

सोबत हिशेबाचा कागद आहे. खाली सही, नाव आणि हुद्दा लिहिला आहे. बदली झाली तर होईल.

गवत मला दिसलं होतं.

साखराबाईंना नमस्कार सांग. सांगवत नसेल तर राहू दे.

बद्री


नांदूरघाट
१९ एप्रिल १९८७

चि. बद्रीनाथ यास, सौ. छबूस अन् पोरींना आक्काचे पोटभर आशीर्वाद.

बदली झाली न्हाई हे छबूच्या पत्रातून कळलं. बघ, आभाळ पडत न्हाई.

तुझा कागद पंधरा डिसेंबरच्या सभेत नेला. नुसता कागद न्हाई नेला. कागद बघून हे लोक म्हणणार, सरकारी भाषा हाय, बघू पुढच्या महिन्यात. म्हणून एक घमेलं नेलं अन् एक सरळ काठाचं पातेलं. तोंड सारखं, खोली सारखी. सगळ्या आळीतली भांडी हुडकून जोडी जमवली. सभेत शंभर गडी अन् मी एक बाई. घमेलं ज्वारीनं काठोकाठ भरलं अन् सगळी ज्वारी पातेल्यात ओतली. वर चार बोटं जागा मोकळी. मी बंकटला म्हणलं, तळं घमेल्यासारखं, हिशेब पातेल्याचा. ह्या चार बोटांत माती न्हाई, वारा हाय. अन् वारा खांदायला सोळाशे रुपये लागतेत व्हय भावजी, म्हणून चेअरमनकडं वळले. सभा अशी हसली की पातेलं हादरलं. मग तुझा कागद ठेवला. शहादेव मास्तरनं मोठ्यानं वाचला, तुझ्या हुद्द्यासकट. सुंदररावानं मिशीला हात लावला, पण तेल कमी पडलं. ठराव पास झाला.

जाता जाता त्यांनी एक पाचर मारलीच. कर्जाचा शेवटचा हप्ता खोली मापात पुरी दहा फूट भरली तरच, अन् माप बंकट घेणार.

म्हणून खुंट मी निवडला. तळ्याच्या मधोमध जिथं तरवडाचं जुनं झुडूप होतं, तिथंच. झुडपासकट खुंट सोडला. गवत खुरप्यानं निघतं बाबा, तरवड निघत न्हाई. मुळ्या हातभर खाली. वरून माती छाटायची तर आधी झुडूप उपटावं लागंल, अन् ते उपटलं की सगळ्या गावाला दिसंल. खांदायला साखराबाई आली, बायडाबाई आली, त्या टोळीतल्या सात जणी अजून जित्या हायेत, त्या सगळ्या आल्या. रोज घेतला, फुकट न्हाई. दुपारच्याला भाकर खाताना त्या खुंटाच्या सावलीला बसायच्या अन् तुझी पांढरी पँट आठवून हसायच्या. वाईट वाटून घेऊ नको, पँट खरंच पांढरी होती.

गेल्या आठवड्यात सकाळी जाऊन बघते तर तरवडाच्या दोन फांद्या मोडलेल्या. कुणीतरी हात घातला होता. पण बूड हाललं न्हाई. हात मात्र चांगला सोलला असंल. त्या दिशी बंकट सोसायटीच्या फळ्यावर डाव्या हातानं लिहायलता.

काल काम झालं. दहा फूट. खालून बघितलं तर खुंट उभा, माथ्यावर तरवड पिवळा फुललेला. पाणी थेंबभर न्हाई. सुंदरराव काठावर येऊन म्हणाले, वहिनी, कोरडा खड्डा घेऊन बसा आता. मी म्हणलं, भावजी, कोरडा हाय पण माझ्या नावावर हाय; तुमची जीभ ओली हाय, ती कुणाच्या नावावर हाय? गेले बांधावरून.

बंकटचं माप मी घेऊ देत न्हाई. मास्तरनं सोसायटीला लिहून दिलंय, कागद ज्याचा, माप त्याचंच, अन् सोसायटीला ते मानावं लागलं. आता तुला यावंच लागंल. येत्या रविवारी ये. पोरींना आण, छबूला आण. पँट कंची घालायची ती घाल.

त्या सात जणी खड्ड्यात उतरून उभ्या ऱ्हाणार हायेत. साखराबाई खुंटाला पाठ लावून. तिनं मला निरोप सांगायला लावलाय: घाबरू नको म्हणावं, लेकरा. टेप लाव. तरवडाच्या बुडाला लाव.

यंदा पुरं लिही.

वाट बघणारी,
तुझी आक्का
मनकर्णा