वगळलेली चाचणी

रत्नागिरी
१४ ऑक्टोबर

प्रिय कुलसुम,

गेले तीन आठवडे मी मासे खाल्लेले नाहीत. आई रोज विचारते आणि मी पोटाचं निमित्त सांगते. खरं म्हणजे बारा नंबरच्या खोलीचं दार उघडलं तेव्हाचा वास अजून नाकातून जात नाही. मिरजोळ्याच्या शीतगृहात तुझे अब्बा, मी आणि आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे संदेश सर दारात उभे होतो. आतलं थंडीचं यंत्र चार दिवस बंद पडलेलं. सुरमई, माकूल, कोळंबी, सगळ्याचा लगदा होऊन काळपट पाणी दाराखालून बाहेर आलं होतं. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि बाहेर जाऊन फोनवर बोलू लागले. चाचा पँट दुमडून आत शिरले आणि एकेक क्रेट ओढून काढायला लागले. मी भिंतीशी जाऊन ओकले.

तापमापकाचा पत्ता चुकीचा भरला म्हणून चाचांना, इद्रीस मुकादमांना, शीतगृहाच्या कामावरून काढलं, एवढंच तुला चिपळूणला कळलं असेल. झालं ते असं. प्रत्येक खोलीतल्या तापमापकाला नेटवर्कवर एक आयपी पत्ता असतो, ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. शेवटचा आकडा आम्ही खोलीच्या नंबराचाच ठेवला होता. चाचांनी तो बाराही दारांवर रंगाने लिहिला, ००१ पासून ०१२ पर्यंत. शून्यं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पोरी, शून्य काढलं की ओळ वाकडी दिसते." कॉम्प्युटरवरही त्यांनी पत्ते तसेच भरले. तो मजकूर वाचून त्याचे आकडे करणारा कोड माझा. त्यात मी एक जुनी, तयार पद्धत उचलून घातली होती. पुढे शून्य दिसलं की ती दहाच्या ऐवजी आठच्या मोजणीने आकडा वाचते, म्हणजे ०१२ चे एक आठ आणि दोन मिळून दहा होतात. बारा नंबरच्या खोलीत मासे कुजत होते आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे दहा नंबरचं तापमान दिसत होतं. उणे अठरा.

हे मला माहीत नव्हतं, असं नाही. तापमान दाखवणारी ही यंत्रणा बसवण्याआधी मी नेमकी हीच चाचणी लिहिली होती आणि ती नापास झाली होती. सर म्हणाले, शून्यं लावून पत्ता कोण लिहितं, सोमवारी काम द्यायचंय. मी त्या चाचणीपुढे 'वगळा' लिहिलं आणि बाकीच्या सगळ्या पास झाल्याचं कळवून टाकलं. पुढे चाचांचा फोन आला की कॉम्प्युटर आठ आणि नऊ नंबर घेत नाही. आठच्या मोजणीत ते आकडे नसतातच. मला तेव्हाच ती चाचणी आठवली. त्या दोघांची शून्यं काढा, म्हणून सांगितलं आणि बाकीचं पुढच्या आठवड्यावर टाकलं. पूर्वी चाचा दिवसातून दोनदा खोल्यांत जाऊन तापमान वहीत लिहायचे. दारं उघडून थंडी जाते म्हणून मालक अझीमशेठनी ते बंद करून स्क्रीनवर विसंबायला सांगितलं होतं.

अहवालात सरांनी लिहिलं, शीतगृहाच्या चालकाने, म्हणजे चाचांनी, पत्ता चुकीच्या पद्धतीने भरला. खाली त्यांची सही, शेजारी माझी. सह्या झाल्यावर त्यांनी भजी मागवली. मीही खाल्ली, कुलसुम. चांगली दोन-तीन खाल्ली. ते आठवलं की बारा नंबरच्या वासापेक्षा जास्त मळमळतं.

परवा मी ती चाचणी पुन्हा चालवली. लाल ओळ आली आणि शेजारी वगळल्याची तारीख व माझं नाव. ते छापून काढलं, सरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि अझीमशेठकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चाचांना बोलावून घेतलं, माझ्यासमोर त्यांची माफी मागितली आणि उद्यापासून कामावर या म्हणाले. चाचा नको म्हणाले. चूक माझी नव्हती एवढं लिहून द्या, म्हणाले. शेठनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. तो कागद आता पूर्णगडला तुमच्या घरी आहे.

बाहेर आल्यावर चाचांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "कुलसुमला तुझं यातलं काही सांगू नकोस. तिला तुझ्यासारखी दुसरी मैत्रीण नाही." मी मान हलवली. किती सोयीचं होतं ते! घरी येईपर्यंत स्वतःची किळस आली, म्हणून त्यांचा शब्द मोडून लिहितेय. अहवालाच्या दुसऱ्या दिवशी तू मला फोन करून विचारलंस, खरंच अब्बांची चूक होती का. मी म्हणाले, हो गं, वय झालंय त्यांचं. त्यावर विश्वास ठेवून तू त्यांना घरी बसा म्हणालीस, आता झेपत नाही तुम्हाला, म्हणालीस, आणि त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलं, असं चाचीने मला सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा मला सगळं माहीत होतं. माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल. त्यांना मात्र आजच फोन कर.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
अक्षया