अल मनखूलचं मंत्रिमंडळ

१७ जानेवारी
पहाटेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज — अध्यक्ष गोपीनाथरावांनी कमिटी बरखास्त केली. खाली नवी यादी. सांस्कृतिक सचिव — मी! मला कुणी विचारलंही नव्हतं. नाव दोनदा वाचलं. छान दिसत होतं.

कालपर्यंत सचिव अर्चनाताई होत्या. मी दुबईत आले तेव्हा महिनाभर त्यांनीच घरी ठेवून घेतलं होतं. फोन करावा म्हटलं. नाही केला.

१९ जानेवारी
अकरावीला फ्रान्स शिकवलं, १८५१. राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन एका रात्रीत संसद मोडतो, दुसऱ्या दिवशी स्वतःचं मंत्रिमंडळ नेमतो. सात आठवडे टिकलं ते.

माहनूरने विचारलं, "मिस, व्हाय डिड दे से येस?"

देशाला स्थैर्य हवं होतं, म्हटलं. उत्तर जरा फारच पटकन सुचलं.

२० जानेवारी
पहिली मीटिंग, गोपीनाथरावांकडे. ठराव एकच — अध्यक्षांचं अभिनंदन. साबुदाणावडे उत्तम.

२१ जानेवारी
अल मनखूल भागातल्या मंडळाच्या तालमीच्या खोलीला नवं कुलूप. आत नाटकांचे कपडे, आणि अर्चनाताईंच्या यजमानांचा तबला. ते गेल्यापासून ताईंनी तो तालमींसाठी तिथेच ठेवला होता. खोलीत आहे ते सगळं मंडळाचं, खलास, असं गोपीनाथराव म्हणाले. तबला तरी परत द्या, मी म्हटलं.

"सचिवबाई, भावनेवर संस्था चालत नाहीत."

खजिनदार श्रीनाथने मान डोलावली. बहुतेक मीही.

२२ जानेवारी
वर्गात पुढचा भाग. लुईने जुन्या राजघराण्याची मालमत्ता जप्त केली, तेव्हा चार मंत्र्यांनी राजीनामे दिले. संसद मोडली तेव्हा चाललं — इस्टेटीला हात लावल्यावर लाज वाटली! मुलं हसली. मला हसू येईना.

घरी येऊन राजीनामा ग्रुपवर टाकला आणि तशीच ताईंकडे गेले. आधीच यायला हवं होतं, म्हटलं. त्यांनी आत बोलावलं. मग चहा ठेवला.

"इतक्या जणांतली तू एकटी आलीस," म्हणाल्या. दोघी रडलो.

२३ जानेवारी
ग्रुपवर शुकशुकाट. एकाचा अंगठा — तोही लगेच काढला. तरी झोप छान लागली.

२५ जानेवारी
नवी यादी आली. माझा राजीनामा मंजूर. उपाध्यक्ष — अर्चनाताई. तबला त्यांनी मंडळाला भेट दिलाय.