नूपुरच्या विषयाची बदली

१ जानेवारी, सकाळ
नवीन वर्षाचे संकल्प तीनच, पण ठाम. रोज पहाटे चालायचं. संदेश, म्हणजे ती बंगाली मिठाई, बंद. (खजुराच्या गुळाचा सोडून. तो हिवाळ्यापुरताच मिळतो.) आणि नूपुरचा विषय मार्गी लावायचा.
नूपुर, आमची एकुलती एक, इथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते. चारचौघांत सांगायला काय छान वाटतं! पण पुढचा प्रश्न येतोच, कशावर? शहराच्या सांडपाण्यावर. म्हणजे गटारावर. हे पाणी पूर्वेकडच्या तळ्यांत सोडतात, त्यावर मासे पोसतात, ते मासे शहर खातं, आणि माझी मुलगी गमबूट घालून तिथे बाटल्या भरत उभी असते.
चालायला गेलो नाही. धुकं होतं.

४ जानेवारी, रविवार
मराठी मंडळाची मीटिंग. अध्यक्ष सबनीसांचा विहंग बंगलोरला रोबोट बनवतो. हे ते दर मीटिंगला सांगतात, आज रोबोट ऑपरेशनही करायला लागला. सगळे माना डोलावत होते. मग सबनीस माझ्याकडे वळले, तुमची नूपुर कशावर करते हो?
मी 'पाण्यावर' म्हणणार होतो. तोंडातून 'कॅन्सरवर' आलं.
खोटं नाही म्हणता येणार. सांडपाण्यात धातू असतात, काही धातूंनी कॅन्सर होऊ शकतो, हे नूपुरनेच एकदा जेवताना सांगितलंय. मी फक्त मधला भाग गाळला. टाळ्या पडल्या. छान वाटलं. ऑटोत बेहालाला, घरी येईपर्यंत बायको, कालिंदी, खिडकीबाहेर बघत होती. ऑटोला खिडकी नसते, म्हणजे ती मुद्दाम बघत होती.

७ जानेवारी, ऑफिस
सबनीसांचा फोन. सव्वीस जानेवारीला मंडळात गुणगौरव, नूपुरला शाल-श्रीफळ. फ्लेक्स छापायला गेला म्हणे. त्यावर काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. लोक उत्साहाने काही करतात, त्यात आपण खोडा कशाला घाला.
प्लॅन सुचला. विषयच बदलायचा. आख्खी नोकरी मी रेल्वेच्या आस्थापना विभागात बदल्या करण्यात घालवली. भुसावळचा माणूस बिलासपूरला जातो, रुजू होतो, दोन महिन्यांत तिथलाच होतो. तसंच सांडपाण्यातून कॅन्सरमध्ये. गाइडची शिफारस घेतली की झालं. सव्वीसच्या आत ऑर्डर निघाली तर फ्लेक्स आपोआप खरा ठरतो. नूपुरला सरप्राइज.

११ जानेवारी, संध्याकाळ
मंडळातल्या अलका वहिनी आल्या होत्या. कालिंदी बाजारात, नूपुर तळ्यावर. वहिनींच्या हातात जाड फाइल. अरुणरावांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, मानेत गाठ आहे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचा म्हटलंय. पण आधी नूपुरने एकदा बघितलं तर बरं, म्हणाल्या, घरची मुलगी आहे, खरं काय ते सांगेल.
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्या इतक्या भरवशाने बघत होत्या की मी म्हणालो, ठेवून जा, दाखवतो. आजारी माणसाच्या घरी धीर महत्त्वाचा असतो.
फाइल कपाटात, माझ्या स्वेटरांखाली. विषय बदलला की लगेच नूपुरला देणार.
आज दोन संदेश. नव्या गुळाचे.

१७ जानेवारी, शनिवार
युनिव्हर्सिटीत संशोधनाचं प्रदर्शन होतं. नूपुर तळ्यावर जाणार हे बघूनच गेलो. केवढा पसारा! एक मुलगा कृष्णविवरांवर काम करतो, त्याच्या शेजारची मुलगी मुंग्या ओल्या मातीतून वाट कशी काढतात त्यावर. कोणी ताडपत्रावरची पोथी वाचतंय, कोणी तांदळाच्या हरवलेल्या जाती शोधतंय, कोणी ट्रामच्या घंटेचा आवाज मोजतंय. बाजारात वांगी निवडावीत तसा मी फिरलो. कृष्णविवर मंडळात सांगायला उत्तम, पण सबनीस प्रश्न विचारतील. गटार एकाही टेबलावर दिसलं नाही. होतं ते, शेवटच्या टोकाला, नूपुरच्याच नावाचं पोस्टर. आजूबाजूला बरीच गर्दी होती. ओळखीचं कोणी नाही ना ते बघून पुढे सरकलो.
कॅन्सरच्या टेबलावर आभा नावाची मुलगी. तिला हिंदीत विचारलं, तुमच्याकडे एखादी जागा आहे का, आणि पेशंटचे रिपोर्ट बघता का. ती म्हणाली, काकू-काका सगळे हेच विचारतात, पण मी कोणाला बरं करत नाही, पेशी कशा वाढतात ते बघायला मी यीस्ट वाढवते. रिपोर्ट डॉक्टरलाच दाखवा, आणि उशीर करू नका.
मग नूपुरच्या गाइड, डॉ. अनुराधा सान्याल यांना भेटलो. मुलीला चांगल्या विषयात बदली द्यावी, अशी विनंती केली. त्या हसल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या. मग म्हणाल्या, इंटरव्ह्यूत आम्ही नूपुरला विचारलं होतं, हाच विषय का. ती म्हणाली, बाबांची बदली झाली की सामान उघडायच्या आधी ते मला बाहेर न्यायचे आणि दाखवायचे, या घरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा दाखवतात.
खरं आहे. खरगपूरला तिला खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत गेलो होतो.
खूप लाज वाटली. बहुधा बूट पुसलेले नव्हते म्हणून.

२१ जानेवारी
वहिनींचे फोन. उचलले नाहीत, मीटिंगमध्ये होतो. रात्री जेवताना कसली मीटिंग, असं कालिंदीने विचारलं. सव्वीसला सगळ्यांना एकदमच शांतपणे सांगेन. हे पक्कं. फाइलवर आणखी एक स्वेटर ठेवला.

२६ जानेवारी
फ्लेक्स स्टेजभर. 'कर्करोग संशोधिका कु. नूपुर दिगंबर खांबेटे.' माझं नावही ठळक.
नूपुरने तो वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघितलं. तिने शाल घेतली, माइक घेतला आणि तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "मी कॅन्सरवर काम नाही करत. मी सांडपाण्यावर करते. प्रिंटिंगवाल्याची काहीतरी मिस्टेक झाली असेल."
तिने मला वाचवलं. भर सभेत.
लोक टाळ्या वाजवणार एवढ्यात दुसऱ्या रांगेतून अलका वहिनी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.
"मग आमची फाइल कोणी बघितली गं, नूपुर? आम्ही तो तुकडा काढायचा थांबवलाय. तुझी वाट बघत होतो."
नूपुरला कुठली फाइल ते माहीत नव्हतं. कालिंदीला होतं. तिला स्वेटर काढताना सापडली होती, मी स्वतः सांगेन म्हणून ती थांबली होती. सगळेच माझ्यासाठी थांबले होते.

२८ जानेवारी, हॉस्पिटल
नूपुरने आभाला विचारलं, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांनी लगेच वेळ दिली. तुकडा काढला. उत्तर पुढच्या आठवड्यात. उशिराने काही बिघडलं का, असं मी विचारलं. आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले. तुम्ही कोण, असंही विचारलं. वहिनी मला काहीही म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हे नूपुरचे बाबा." मान वर करवेना.
नंतर बाकावर अरुणराव शेजारी बसले, गळ्याला पट्टी. वेळ जावा म्हणून असेल, हळूच विचारलं, "नूपुर नेमकं काय करते हो?"
मी सांगायला लागलो. शहराचं पाणी कुठून येतं, कुठल्या नाल्यांनी पूर्वेला जातं, तिथे तळी आहेत, ती गमबूट घालून बाटल्या भरते. त्या बाटल्यांत ती काय शोधते, ते मला सांगता आलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.
नूपुर समोरच उभी होती. तिला विचारता आलं असतं. पण परवापासून ती माझ्याशी बोलत नाही.