उजव्या कोपऱ्यातलं जपान

२० मार्च, गुरुवार
यूट्यूबवर एका जपानी वाहिनीचे लोगो पाहिले. पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचे, ओळीने. आधी नुसती अक्षरं. मग रंगीत. मग गोल. मग गोलाचा डोळा. मग सगळं काढून टाकून पुन्हा अक्षरं, तीही इतकी फिकट की शोधावी लागतात. अंगावर काटा आला. शालनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, कार्यक्रम कुठला होता? बायकोला काय सांगणार! लोगो बघताना कार्यक्रमाकडे बघायचं नसतं.

२२ मार्च
संकल्प: असा लोगो आपल्याकडेही. हरेशचं लोकल केबल चॅनल आहे, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या वर. स्क्रीनवर खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्यावर मोबाईल रिपेअर, आणि लोगो म्हणून हरेशचा पासपोर्ट फोटो. शेअर रिक्षाने गेलो. सांगितलं, सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात काढली, रेषेचा माणूस आहे, फुकट करून देतो. शिवाय जपानात बौद्ध, आम्हीही बौद्ध, तेव्हा समज आतूनच आहे. हरेश म्हणाला, साईं, जो करना है करो, बस पब्लिक का फोन नहीं आना चाहिए. जपानमध्ये फोन घ्यायला वेगळी माणसं असणार.

२५ मार्च
शालनच्या महिला मंडळाचं गाणं भीमजयंतीला हरेशच्या चॅनलवर लागणार. तिला एकटीला एक कडवं दिलंय. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर. बदलापूरला माहेरी सगळ्यांना कळवून झालं. भांडी घासतानाही तेच कडवं. मला रेषा सुचेना. दार लावून घेतलं. संधी मात्र चांगली आहे. नवा लोगो त्या दिवशी सगळे बघतील.

२८ मार्च
पहिला टप्पा चालू. लाल गोल, बस्स. संयम. संध्याकाळी हरेशचा फोन. कॅम्प पाचच्या एका बाईंनी सेट टॉप बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्या एकींनी कुंकू लागलं समजून स्क्रीन पुसली. प्रतिसाद उत्तम. लोक हात लावून बघतायत.

१ एप्रिल
मंडळाचं रेकॉर्डिंग. शालन म्हणाली, चला ना. मी म्हटलं, लोगो रेकॉर्डिंगनंतर बसवतात, माझं तिथे काय काम? संध्या म्हणाली, बाबा, आईचं पहिलंच आहे. मी म्हटलं, माझंही. शालन परत आल्यावर सांगत होती, उंच म्हणून तिला मागे, उजव्या कडेला उभं केलं, असं काहीतरी. मी पुढच्या लोगोत, डोळ्याच्या पापणीत अडकलो होतो.

४ एप्रिल
दुसरा टप्पा, डोळा. जपान्यांनी किती वर्षं घालवली असतील, मी एका आठवड्यात पोचलो. हरेशचा फोन. साईं, निकालो, बच्चा लोग खाना नहीं खा रहे. शहाडच्या एका सासूबाईंना तर वाटतंय, सुनेनेच नजर ठेवायला लावलाय. काढावा लागला. काळाच्या पुढचं लगेच पचत नाही.

८ एप्रिल
तिसरा टप्पा, फिकट अक्षरं. कलेचा कळस. एकही फोन नाही. हरेश खूश. मी संध्याला विचारलं, लोगो कसा वाटतो? म्हणाली, काढलात ना? बरं केलंत. पोरीचे डोळे तपासून घेतले पाहिजेत.

९ एप्रिल
जपानचा प्रेक्षक बारीक बघणारा. आपल्याकडे जरा मोठा लागेल. केला.

१० एप्रिल
अजून जरा.

१२ एप्रिल
फिकटपणा काढला. आता भरीव, सोनेरी कडा, आणि फिरतो. संयम सोडलेला नाही. हळू फिरतो.

१३ एप्रिल
हरेशकडे जाऊन मंडळाच्या गाण्याचं पहिलं चित्र पाहिलं. डावीकडे तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. लोगो नेमका डाव्या कोपऱ्यात. तसबिरींवर काही फिरणं शक्यच नाही! ताबडतोब उजवीकडे नेला. एवढं भान हल्ली कोण ठेवतं? उजवीकडे नुसत्या बायकाच उभ्या आहेत.

१४ एप्रिल, सोमवार
घर भरलेलं. शालनचे भाऊ शंकरराव सहकुटुंब बदलापूरहून. शेजारी दारापर्यंत. शालनने आज जेवणही नीट केलं नाही. गाणं लागलं. लोगो अप्रतिम! एकदाही अडखळला नाही. कडव्याच्या वेळी तर कडा अशी उजळली की मी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणीच नाही. शंकरराव म्हणाले, दाजी, आमची बहीण कुठं हाय यात? मी म्हटलं, मग आत्ता गात होती ती कोण? सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखत नाहीत लोक. शालन उठून आत गेली. भारावली असावी.

१५ एप्रिल
शालन बोलत नाही. चहा मिळाला, पण नुसताच. संध्याने मोबाईलवर गाणं दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आईच्या चेहऱ्यावर माझा लोगो फिरतोय. खाली फक्त साडी. नवी घेतली होती वाटतं. चूक कॅमेरामनची आहे, तिला दोन पावलं आत उभं करायला हवं होतं. शालनला तसं समजावलं. ती म्हणाली, राहू द्या. भांडली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतंय. हे लिहायचं नव्हतं.

१७ एप्रिल
हरेश म्हणाला, बहुत फोन आया साईं, संडे को रिपीट करूँगा, लोगो के बिना. मी बजावलं, लोगोशिवाय चॅनल म्हणजे पाटी नसलेलं दुकान, पब्लिक जाब विचारेल. तो म्हणाला, पूछेगी तो आपका नंबर दे दूँगा. दे म्हटलं. मी तयारीत आहे.

२० एप्रिल, रविवार
रिपीट पाहिला. कोपरा रिकामा. म्हणजे, शालन होती तिथे. कडवं म्हणताना डोळे मिटते, सुरावर हात वर नेते, आणि संपल्यावर सुटल्यासारखी हसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे हसू मी पाहिलं नव्हतं. छान गाते. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आज दिसले वाटतं तुम्हाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. म्हटलं, आली पब्लिक. घसा साफ करून घेतला. अंबरनाथच्या कोणी सुंदराबाई होत्या. लोगोचा विषय काढतील म्हणून मी थांबलो. त्या म्हणाल्या, ते कडंच्या उंच ताईंना द्या ना जरा, आमच्या मंडळाला शिकवायला येतील का इचारायचंय. आणि तुम्ही कोण? मी म्हटलं, घरचाच. फोन शालनला दिला. अजून तिच्याकडेच आहे.