पायलची सकाळची गाणी

३ मार्च २००३
झोप झालीच नाही. उजाडायच्या आत पायलचा टेप सुरू! भीमगीतं. ही नवी रूम पार्टनर आल्यापासून रोज हेच. चहा ढवळता ढवळता ठेका धरते. म्हणते, "ही ऐकली ना, की पेपर पण सोपा वाटतो गं!" आणि खरंच हसत कॉलेजला जाते. मी दिवसभर मरगळलेली. कानात वॉकमन, इंग्रजी गाणी. एक शब्द कळत नाही. तेच बरं — काही आठवत नाही.

५ मार्च
दमलेय. बस.

८ मार्च
शेवटी बोलले. "पायल, आवाज कमी कर ना." ती म्हणाली, "तुला आवडत नाहीत?" आवडत नाहीत कसं म्हणू — सगळी तोंडपाठ आहेत! बाबा गावोगाव हीच गातात. परभणीला आमच्या घरी पहाटे पेटी वाजायची. इथे इंद्रलोक भागात खोली घेताना घरमालकीण मनोरमाकाकूंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मराठी." बौद्ध म्हणाले नाही. आडनावावरून कळत नाही. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पायल नंतर आली, तिला काही विचारलंच नाही. आता गाणं लागलं की दाराकडे लक्ष जातं. वाटतं, मीच सापडणार.

१२ मार्च
काकू दारात. "पायल, हे असलं आमच्या घरात चालायचं नाही. महिनाअखेर दुसरीकडे बघ." मग माझ्याकडे वळून, "तुलाही त्रासच होत असेल ना, बाळा?"
मी पुस्तकात बघत राहिले. मान हलली की नाही आठवत नाही.
हलली.

१३ मार्च
टेप बंद. पायल ठेका न धरताच चहा पिऊन गेली. हवी होती ती शांतता मिळाली! पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. इंग्रजी गाणीही नको झालीत.

१७ मार्च
पायल मीरा रोडला खोल्या बघून आली. "आडनाव ऐकलं की 'कळवतो' म्हणतात," हसून सांगितलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उद्या तिचा पेपर.

१८ मार्च
सकाळी टेप मी लावला. मोठ्याने. पायल दचकून उठली — "अगं, काकू येतील!" मी गायलाच लागले, कडव्यामागून कडवं. ती बघतच राहिली.
दार वाजलं. काकू. "तू पण?"
"हो काकू. मी पण."